लॅटिन शिकताय? आधी उंदराशी मैत्री करा

लॅटिन शिकायचं ठरवलंत, फार आनंद झाला. पण पहिल्याच आठवड्यात जाडजूड व्याकरण आणू नका. आधी ‘मिनिमुस’ आणा. लहान मुलांचं पुस्तक म्हणून लाजू नका. मिनिमुस हा उंदीर ब्रिटनमधल्या विंदोलांदाच्या किल्ल्यात एका रोमन अधिकाऱ्याच्या घरी राहतो. चित्रकथेतले गमतीदार संवाद वाचताना शब्द आपसूक डोक्यात बसतात. आणि ते कुटुंब खरंच होऊन गेलं! इ.स. 100 च्या सुमारास क्लाउदिया सेवेरानं मैत्रीण लेपिदिनाला, म्हणजे याच अधिकाऱ्याच्या बायकोला, लाकडाच्या पातळ पट्टीवर वाढदिवसाचं आमंत्रण धाडलं होतं. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या अक्षरातल्या. मला तर ते वाचून भरून आलं होतं.

मग ‘केंब्रिज लॅटिन कोर्स’ घ्या. त्यातला पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातला सावकार काएकिलिउसही खरा माणूस. त्याच्या हिशेबाच्या पाट्या 1875 मध्ये सापडल्या. पहिल्याच पाठात घरातलं कोण कुठे आहे, एवढंच वाचायचं. ‘होर्तुस’ म्हणजे बाग, ‘इन होर्तो’ म्हणजे बागेत. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर विभक्त्यांची धास्ती निम्मी कमी झालीच म्हणून समजा.

‘अ‍ॅस्टेरिक्स’ ही रोमन काळातली विनोदी फ्रेंच चित्रकथा इतिहास म्हणून वाचू नका, मजेसाठी वाचा. त्यात समुद्री चाच्यांचं जहाज बुडालं की त्यांच्यातला लाकडी पायाचा म्हातारा लॅटिन वचन म्हणतो. ती वचनं वहीत उतरवून ठेवा आणि अर्थ आधी स्वतः लावून बघा.