नव्या प्रोजेक्टसाठी बिल्ड सिस्टिम कोणती निवडावी?

प्रश्न : मी महाविद्यालयात जावा शिकवते. इंटेलिजे आयडिया या एडिटरमध्ये नवा प्रोजेक्ट तयार करताना ‘बिल्ड सिस्टिम’ या ओळीत इंटेलिजे, मेव्हन आणि ग्रेडल असे तीन पर्याय येतात. नेटबीन्स या दुसऱ्या एडिटरमध्ये मात्र ‘जावा विथ मेव्हन’, ‘जावा विथ ग्रेडल’, ‘जावा विथ अँट’ असे वेगळे गटच आहेत. विद्यार्थ्यांना यांतले काय निवडायला सांगावे?
— एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : बिल्ड सिस्टिम म्हणजे कोड कंपाइल करणारे आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी (तयार कोडचे संच) जोडून देणारे साधन. नेटबीन्समध्ये आधी हे साधन ठरते आणि मग प्रोजेक्टचा प्रकार, इंटेलिजेत आधी भाषा ठरते आणि साधन ही खालची एक ओळ असते. सरावलेल्या माणसाला दोन्ही मांडण्या चालतात. नवख्याला मात्र इंटेलिजेची मांडणी चकवते असे मला वाटते, कारण एका रांगेत बसवलेली ती तीन बटणे एकाच जातीची भासतात आणि प्रत्यक्षात तशी नाहीत. मेव्हन निवडल्यास कोणती लायब्ररी हवी, तिची कितवी आवृत्ती हवी, ही सारी माहिती ‘पॉम डॉट एक्सएमएल’ या फाइलमध्ये राहते (ग्रेडलमध्ये तेच काम ‘बिल्ड डॉट ग्रेडल’ करते), आणि ती फाइल कोणत्याही प्रमुख एडिटरला वाचता येते. ‘इंटेलिजे’ निवडल्यास तीच माहिती त्या एडिटरच्या स्वतःच्या ‘डॉट आयडिया’ फोल्डरात आणि ‘आयएमएल’ फाइलमध्ये जाते. मग डाउनलोड्समधून मायएसक्यूएल डेटाबेसचा जार (लायब्ररीची फाइल) जोडलेला प्रोजेक्ट विद्यार्थ्याने घरी व्हीएस कोडमध्ये उघडला, की कोड जागेवर असतो, पण जार सापडत नाही. नेटबीन्सच्या अँट प्रोजेक्टचेही थोडेफार असेच आहे : ‘बिल्ड डॉट एक्सएमएल’ दिसते खरी, पण लायब्ररींचे पत्ते ‘एनबीप्रोजेक्ट’ फोल्डरात असतात.

म्हणून पहिल्या एक-दोन तासांचे, एकाच फाइलचे प्रोग्राम सोडले, तर मेव्हन निवडायला सांगावे. २००४ साली त्याची १.० आवृत्ती आली. कोड ‘एसआरसी’खालच्या ‘मेन’मध्ये आणि चाचण्या ‘टेस्ट’मध्ये, ही त्याची शिस्त पुढे ग्रेडलनेही उचलली, त्यामुळे इथे लागलेली सवय तिथेही कामी येते. ग्रेडल अधिक लवचीक आहे आणि अँड्रॉइड स्टुडिओत तेच वापरले जाते. पण त्यात बिल्डची फाइल ग्रूव्ही भाषेत लिहायची की कोटलिनमध्ये, हा आणखी एक प्रश्न लगेच समोर येतो, आणि जावाच नीट न आलेल्या मुलांपुढे तो आताच टाकण्याचे कारण नाही.

प्रयोगशाळेसाठी दोन गोष्टी पाहून ठेवाव्यात. मेव्हन लागणाऱ्या लायब्ररी पहिल्यांदा इंटरनेटवरून उतरवून युजरच्या ‘डॉट एमटू’ फोल्डरात ठेवते. तेव्हा नेट नसलेल्या संगणकांवर निदान एकदा जोडणी देऊन प्रोजेक्ट बिल्ड करून घ्यावा, पुढे ‘एमव्हीएन’ या मेव्हनच्या आज्ञेला ‘-ओ’ (ऑफलाइन) जोडून काम भागते. दुसरी गोष्ट जेडीकेची, म्हणजे जावा कंपाइल करून चालवणाऱ्या संचाची. प्रोजेक्ट तयार करताना आपण जेडीके २१ निवडला असेल, तर इंटेलिजे ‘पॉम’मधल्या ‘मेव्हन डॉट कंपायलर डॉट सोर्स’ आणि ‘टार्गेट’ या दोन ओळींत २१ लिहून ठेवते, आणि जेडीके १७ असलेल्या संगणकावर ‘इनव्हॅलिड टार्गेट रिलीज : २१’ अशी चूक दिसते. मुले अशा वेळी आपलाच कोड तपासत बसतात. वर्गात नमुना प्रोजेक्ट वाटण्यापूर्वी त्या दोन ओळींत प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या जेडीकेचा आकडा घालावा.