गटात भांडणं सुरू झाली म्हणजे गट मोडला का?

"मॅडम, मी गट सोडतो. मले नाई जमत आता."

समोर बसलेली ताई चाळिशीची, वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. मुगाची डाळ चोळून चोळून तिची बोटं उकलली होती. १२ बायांचा बचत गट जानेवारीत सुरू झाला. पहिले तीन महिने सगळं गोडीगुलाबीनं चाललं. एप्रिलमध्ये विक्रीसाठी मुंगवड्या करायला घेतल्या आणि कुरबुर सुरू झाली. आता बैठकीत तोंडातोंडी होते. "मोडलाच समजा गट," ती म्हणाली.

हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. ब्रूस टकमन या अभ्यासकानं १९६५ मध्ये लहान गटांचा प्रवास चार टप्प्यांत मांडला: आधी माणसं जमतात, मग धुसफूस होते, मग घडी बसते आणि त्यानंतर खरं काम होतं. पहिल्या तीन महिन्यांत या बाया एकमेकींना जपून बोलत होत्या. भांडण्याइतका आपलेपणा आता कुठे आला होता. पैसा दडवल्याचा संशय असेल तर गोष्ट वेगळी, तिथे समजूत घालत बसू नये. वही आणि पासबुक सगळ्यांसमोर उघडायला लावावं. इथे तसं नव्हतं.

सोमवारच्या बैठकीला मी गेले. अध्यक्ष आणि सचिव दिवाणावर, बाकीच्या खाली सतरंजीवर, आणि ही ताई पार दाराशी, चपलांजवळ. पंचसूत्री सगळ्यांना तोंडपाठ: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. पण डाळ कोणी धुवायची, हे त्या पाचात कुठेच नाही.

मी एवढंच विचारलं, "मागच्या वेळी डाळ कोणी भिजवली, कोणी धुतली?"

"आमी सगळ्याच तर करतो," अध्यक्ष म्हणाल्या. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. मग एकेकीला विचारत गेले तेव्हा दोनच नावं निघाली. सगळ्याजणी गप्प. तेवढ्यात अध्यक्षांचाच गळा भरून आला. "अन् मी एसटीनं आर्वीले जातो, दुकानापुढं दोन-दोन तास उभी रायतो, ते कोणाले दिसते?"

खरंच कोणाला दिसलं नव्हतं. रिंगलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली होती. माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर कमी होत गेला. थोडा जोर एका वेळी न ओढल्यानं वाया जातो, थोडा मात्र आपला हात कोणी वेगळा मोजत नाही म्हणून ढिला पडतो. आळस म्हणून एखादीवर शिक्का मारण्याआधी मी हे नेहमी पाहते.

त्या संध्याकाळी सगळ्या खाली गोल बसल्या. भिजवणं, धुणं, वाटणं, वड्या घालणं, राखण, बाजार अशी एकेक कामं बोलून वहीच्या मागच्या पानावर लिहिली. प्रत्येक कामापुढे दोघींची नावं, दर आठवड्याला पाळी बदलायची. बाजाराच्या नावावरून अर्धा तास भांडण झालं. मी मधे पडले नाही.

दोन आठवड्यांनी ताईचा फोन आला. "मॅडम, आज धुवायची पाळी अध्यक्षायची होती. सालं तशीच रायली. मी म्हटलं, आणखी दोन पाणी लागते."

"मग?"

"मग धुतली न त्यायनं. अन् उद्या आर्वीले मी चाललो."