सहा माणसे, एक बालआसन आणि तीन रांगांची गाडी

प्रश्न : आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. घरात आम्ही पती-पत्नी, नऊ वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि माझे आईवडील असे सहा जण आहोत. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. रोजचा वापर शहरातलाच. मात्र गणपती, शिमगा आणि मे महिन्यात कुंभार्ली घाटाने गुहागरजवळच्या गावी सगळे एकत्र जातो. वर्षाला साधारण ९,००० किलोमीटर होतात. टोयोटा इनोव्हा हायक्रॉस, महिंद्रा एक्सयूव्ही ७०० आणि किया कॅरेन्स या तीन गाड्या आम्ही पाहिल्या. विक्रेत्यांचा आग्रह कॅप्टन सीट (दुसऱ्या रांगेत दोन सुटी आसने) आणि हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली गाडी) घेण्याचा आहे. आपले मत काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ज्या दोन गोष्टींचा आग्रह आपल्याला होत आहे, त्या दोन्ही आपल्या घराच्या उपयोगाच्या नाहीत, असे माझे मत आहे. त्याची कारणे देण्यापूर्वी एवढे सांगतो की, आपण निवडलेल्या तिन्ही गाड्या जातीने एकच आहेत. जुनी इनोव्हा शिडीसारख्या स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावर बसवलेली आणि मागच्या चाकांवर चालणारी होती. २०२२च्या अखेरीस आलेल्या हायक्रॉसने तो सांगाडा सोडला आणि मोटारीसारखी एकसंध बांधणी व पुढच्या चाकांची चाल स्वीकारली. म्हणजे दिसायला एसयूव्ही, वागायला मोटार आणि पोटात तीन रांगा असा हा प्रकार आहे. या प्रकारात पहिल्या दोन रांगा बहुतेक सगळ्यांनाच चांगल्या साधतात. गाडीची खरी परीक्षा तिसऱ्या रांगेत आणि तिच्या मागे उरणाऱ्या जागेत होते. म्हणून निवडीची सुरुवात इंजिनापासून न करता कोण कुठे बसणार, येथून करावी.

आपल्या मातोश्रींची जागा पुढे, चालकाच्या शेजारीच असावी. कृत्रिम गुडघे बसवलेल्या माणसाला खोल आसनात उतरणे जसे त्रासाचे, तसेच पाय उंच उचलून चढणेही त्रासाचे असते. आसनाची कड उभ्या माणसाच्या मांडीच्या उंचीला आली, तर आधी पाठमोरे टेकून मग दोन्ही पाय एकत्र आत घेता येतात, आणि तेच त्यांच्यासाठी योग्य आहे. कोणत्या गाडीत ही उंची जुळते, हे तक्त्यावरून कळणार नाही. आईंना शोरूममध्ये नेऊन दोन-तीनदा बसवून-उठवून पाहणे हाच उपाय. दार किती उघडते, हेही तेव्हाच पाहावे. हायक्रॉसची रुंदी सुमारे १.८५ मीटर आहे. सोसायटीतली पार्किंगची जागा अडीच मीटर रुंद धरली, तर दोन्ही बाजू मिळून जेमतेम ६५ सेंटीमीटर उरतात आणि तेवढ्यात त्यांना उतरता येणार नाही. गाडी बाहेर काढूनच त्यांना बसवावे लागेल. सरकते दार हे यावरचे सरळ उत्तर होते. आपल्याकडे मात्र ते ईकोसारख्या सर्वांत स्वस्त व्हॅनमध्ये मिळते, नाहीतर एकदम कार्निव्हल आणि वेलफायरसारख्या महागड्या गाड्यांमध्ये. मधल्या सगळ्या कुटुंबांनी काय करायचे, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

आता बालआसन. तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन घाट चढणे धोक्याचे आहे, त्यामुळे त्याचे आसन दुसऱ्या रांगेत आयसोफिक्सच्या, म्हणजे बालआसनासाठी गाडीतच बसवलेल्या, हुकांना अडकवलेले असणार, हे मी गृहीत धरतो. शोरूममध्ये सहसा न सांगितली जाणारी अडचण इथेच आहे: ज्या आसनावर बालआसन बसवले, ते आसन पुढे लोटून किंवा दुमडून तिसऱ्या रांगेत जाता येत नाही. एक्सयूव्ही ७०० आणि कॅरेन्समध्ये मागे जाण्यासाठी दुसऱ्या रांगेचा डावा भाग पुढे उलटतो. म्हणून बालआसन उजवीकडे लावावे लागते आणि मुलाला रहदारीच्या बाजूने चढवावे-उतरवावे लागते. हायक्रॉसच्या कॅप्टन सीटमध्ये मधून मागे जाता येते, ही सोय खरीच आहे. परंतु दुसऱ्या रांगेत दोनच जागा असल्यामुळे एक बालआसनाची आणि एक आजोबांची झाली की आपल्या पत्नीला आणि मुलीला दर वेळी तिसऱ्या रांगेत जावे लागेल, मागची पूर्ण रांग उभी राहील आणि सामानाची जागा आक्रसेल.

याउलट दुसऱ्या रांगेत सलग बाक असेल, तर हे गणित सुटते. पुढे आपण आणि आई. मध्ये बालआसन, पत्नी आणि वडील. मागे मुलगी एकटी, आणि तिच्या शेजारचा तिसऱ्या रांगेचा अर्धा भाग दुमडून त्यावर बॅगा. हायक्रॉसमध्ये कॅप्टन सीटची सात आसनी आणि सलग बाकाची आठ आसनी अशा दोन मांडण्या मिळतात. आपण आठ आसनी घ्यावी. गाडी पुढच्या चाकांवर चालत असल्यामुळे मधल्या माणसाच्या पायाखाली उंचवटा येत नाही आणि बाक रुंदही आहे. कॅरेन्सची लांबी ४,५४० मिलिमीटर, म्हणजे हायक्रॉसपेक्षा २१५ मिलिमीटरने कमी. तिसरी रांग उभी असताना तिच्या मागे २१६ लिटर जागा उरते, तर हायक्रॉसमध्ये ३०० लिटर. एक्सयूव्ही ७००मध्ये तिन्ही रांगा भरल्या की मागे काही पिशव्यांपुरतीच जागा राहते. गावाहून परत येताना नारळ, तांदूळ आणि फणस यांचे काय होते, ते आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

मुलीबद्दल दोन गोष्टी. तिसरी रांग मागच्या चाकांच्या अगदी वर असते आणि तिच्या खिडक्याही लहान असतात, त्यामुळे वळणांवर मुलांना तिथे उलटीचा त्रास लवकर होतो. कुंभार्लीच्या पायथ्याशी थांबून तिची आणि आजोबांची जागा बदलण्याचा मोह होईल, पण वयस्कर माणसाला तिथे वाकून जाणे जमेल का, हे आधीच पाहून ठेवावे. दुसरे असे की, पट्टा तिच्या खांद्यावरून जायला हवा, मानेवरून नव्हे. साधारण १३५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत त्यासाठी बूस्टर आसन, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, वापरावी आणि शेजारच्या बॅगा बांधून ठेवाव्यात.

सुरक्षिततेच्या ताऱ्यांविषयी आपण विचारलेले नाही, तरीही सांगतो. ग्लोबल एनकॅप आणि भारत एनकॅप या गाड्या आदळवून त्यांना पाचपैकी तारे देणाऱ्या चाचण्या आहेत. एक्सयूव्ही ७००ला २०२१मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, हायक्रॉसला २०२५मध्ये भारत एनकॅपचे पाच, आणि कॅरेन्सला २०२२मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तीन. या एका कारणासाठी मी कॅरेन्स बाजूला ठेवीन. मात्र समोरून होणाऱ्या धडकेच्या या चाचणीत ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने गाडी आदळवतात, तेव्हा पुढे प्रौढांचे आणि दुसऱ्या रांगेत बालकांचे पुतळे बसवलेले असतात. तिसऱ्या रांगेतल्या माणसाविषयी हे तारे काहीही सांगत नाहीत. त्या जागेवर बसणाऱ्याचे डोके मागच्या काचेच्या किती जवळ येते, ते स्वतः बसून पाहावे. तसेच आपण घेत असलेल्या नेमक्या व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग आहेत का, आणि खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी बाजूची एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचते का, हे कोटेशनवर लेखी घ्यावे. नसतील, तर एक पायरी वरचे व्हेरियंट घ्यावे; सनरूफसाठी मोजायचे पैसे इथे मोजावेत.

घाटाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथेच या बांधणीची उणीव दिसते. सहा माणसे आणि सामान भरलेली गाडी चढाला लागली की भार मागे सरकतो आणि पुढची चाके हलकी होतात. जुन्या इनोव्हात हाच भार ओढणाऱ्या चाकांवर येत असे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तो त्यांच्यावरून निघून जातो. डांबरी घाटात याने काही बिघडत नाही. प्रश्न येतो तो पावसाळ्यात, गावातल्या घरापर्यंत जाणाऱ्या शेवाळलेल्या फरशीच्या किंवा लाल चिखलाच्या उभ्या चढावर, थांबलेली गाडी पुन्हा हलवताना. आपल्या घराची वाट तशी असेल, तर माणसे आणि सामान खाली उतरवूनच गाडी वर न्यावी. तेवढ्यासाठी चारही चाकांवर चालणारी गाडी घेणे मला तरी पटत नाही. एक्सयूव्ही ७००मध्ये ती सोय डिझेल ऑटोमॅटिकच्या वरच्या व्हेरियंटमध्येच मिळते, आणि ९,००० किलोमीटर व तेही बहुतांश शहरात, अशा वापराला डिझेल मुळीच योग्य नाही.

आता हायब्रिडचा हिशेब. हायक्रॉसच्या साध्या पेट्रोल गाडीचे अधिकृत मायलेज लिटरला १६.१३ किलोमीटर आहे, तर हायब्रिडचे २३.२४. रस्त्यावर दोन्ही आकडे खाली येतात. शहरात साध्या गाडीचे १० आणि हायब्रिडचे १७ धरू या. ९,००० किलोमीटरला साधी गाडी ९०० लिटर पेट्रोल घेईल आणि हायब्रिड सुमारे ५३०. लिटरचा दर १०५ रुपये धरला, तर वर्षाची बचत ३९ हजार रुपयांच्या आसपास येते. दोन्हींच्या किमतींतला फरक पाच लाख असेल, तर तो भरून निघायला जवळजवळ १३ वर्षे लागतील, आणि त्यात पाच लाखांवरचे व्याज मी धरलेलेच नाही. हायब्रिड शांत चालते, सिग्नलवर बहुतेक वेळा इंजिन बंदच राहते आणि बॅटरीची वॉरंटीही ८ वर्षांची आहे, हे सारे मान्य. या सुखासाठी पैसे मोजायचे असतील तर खुशाल मोजावेत, पण बचत म्हणून मोजू नयेत.

तेव्हा माझे मत हायक्रॉसच्या साध्या पेट्रोल, आठ आसनी गाडीच्या बाजूने आहे. तिचे इंजिन टर्बो, म्हणजे हवा दाबून आत घेऊन जास्त ताकद देणारे, नाही. सहा जण घेऊन घाट चढताना ते ओरडेल आणि गाडी आपल्या बेतानेच चढेल. आपल्याला वेगाची आवड असेल, तर एक्सयूव्ही ७००चे २०० पीएसचे (अश्वशक्तीचे) टर्बो पेट्रोल इंजिन तोच घाट सहज चढते, मात्र त्या बदल्यात पेट्रोलही मोकळ्या हाताने घेते आणि सामानाची अडचण तशीच राहते. कॅप्टन सीटचा विचार मुलगा बालआसनातून बाहेर पडल्यावर करावा.

प्रश्न : मी लातूरला असतो आणि कामानिमित्त पुणे व हैदराबाद धरून वर्षाला ३०,००० किलोमीटर प्रवास होतो. कुटुंब पाच जणांचे. सगळे डिझेल सोडा म्हणतात. सोडावे का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : आपण सोडू नये. डिझेल गाडीच्या धुराड्यातली काजळी अडवणारी जाळी लांब पल्ल्याच्या, एकसारख्या वेगाच्या प्रवासात आपोआप जळून साफ होते. ती तुंबते ती शहरातल्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत. आपला प्रवास नेमका डिझेलला मानवणारा आहे. इनोव्हा क्रिस्टाचे २.४ लिटरचे डिझेल इंजिन आता फक्त मॅन्युअल गिअरमध्ये मिळते, आणि सलग सहा तास चालवण्याच्या दृष्टीने मला एक्सयूव्ही ७००चे १८५ पीएसचे डिझेल ऑटोमॅटिक अधिक पसंत आहे. पाच जणांत तिसरी रांग दुमडलेलीच राहील, त्यामुळे वर सांगितलेली सामानाची अडचणही आपल्याला येणार नाही. या गाडीला अ‍ॅडब्लू लागते. धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे हे द्रव आहे. ते संपत आल्याची सूचना मिळाली की टाळाटाळ करू नये, कारण ते पूर्ण संपल्यावर बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. एक वाढीव खर्च आधीच धरून ठेवावा: महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, तर डिझेलला १५ टक्के वाहनकर आहे. २५ लाखांच्या गाडीवर हा फरक ५० हजार रुपयांचा होतो. आपल्या वापरात तो लवकर वसूल होईल.

प्रश्न : तिन्ही रांगा भरल्यावर सामानासाठी टपावर कॅरियर लावला तर चालेल का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : हलक्या आणि आकाराने मोठ्या वस्तूंसाठी, म्हणजे गाद्या, कपड्यांच्या बॅगा यांसाठी चालेल. टपावर किती वजन चालते, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि त्या वजनात कॅरियरचे स्वतःचे वजनही येते. काही गाड्यांच्या टपावरच्या दांड्या केवळ शोभेच्या असतात, त्यामुळे विकत घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे. वर वजन ठेवले की वळणावर गाडी अधिक कलते. तांदळाची पोती आणि नारळ खालीच, तिसऱ्या रांगेच्या पाठीला टेकवून ठेवावेत. भरल्या गाडीसाठी टायरमधील हवेचा आकडा वेगळा असतो. तो चालकाच्या दाराजवळच्या खांबावरील चिकटपट्टीवर छापलेला असतो, आणि आंबोली घाट चढण्यापूर्वी टायर थंड असतानाच तेवढी हवा भरून घ्यावी.