महागडा संच मागवण्याआधी

अगं, माँटेसरीचा, म्हणजे मुलांनी स्वतःच्या हातांनी करत शिकायच्या लाकडी साहित्याचा, महागडा संच एवढ्यात मागवू नकोस. लेक अडीच वर्षांची आहे ना? मग ओतण्यापासून सुरुवात कर. ताटात दोन वाट्या ठेव, एकीत राजमा. या वाटीतून त्या वाटीत. आधी तू करून दाखव, सावकाश आणि न बोलता. बोललीस की ती तुझ्या तोंडाकडे बघेल, हातांकडे नाही. राजमा जमला की तांदूळ, मग पाणी. आणि जवळच बस, या वयात मुलं दाणे नाकात घालतात.

माझ्या मुलानं पहिल्यांदा पाणी ओतलं तेव्हा अर्धं ताटातच सांडलं. मी फडकं घेऊन धावले, तिथेच चुकलं. दुसऱ्या दिवशी फडकं त्याच्याच हाताशी ठेवलं, तर ओतणं राहिलं बाजूला, पुसण्यातच गडी रमला!

मग मटार सोलणं, रुमालाच्या घड्या, चपला जोडीनं लावणं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शंख-शिंपले, बिया अशा गावात मिळणाऱ्या वस्तूच साहित्य म्हणून वापरल्या.

अक्षरांची घाई नको. तिनं स्वतःहून विचारलं तर पुठ्ठ्यावर खरखरीत पॉलिश पेपरचा ‘ग’ चिकटव, त्यावरून बोट फिरवू दे, आणि नुसतं ‘ग’ म्हण.