पाच फूट उंचीची मुलगी १०० मीटरमध्ये कुठवर जाऊ शकते?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सोळा वर्षांची आहे, सणस मैदानावर १०० मीटरचा सराव करते, उंची जेमतेम पाच फूट. घरातले म्हणतात, एवढ्या उंचीवर काही होणार नाही, झालंच तर बावीस-तेविसाव्या वर्षी सगळं संपेल, त्यापेक्षा आत्ताच मैदान बंद करून बारावीला लागू दे. मी कॉलेजात असताना राज्य पातळीवर स्प्रिंट पळायचे आणि बरीच वर्षं पुण्यात मुलींना शिकवते आहे. उंचीच्या कारणाने तिचं मैदान बंद करू नका, असं मी तुम्हाला अगदी ठामपणे सांगेन.

ऑलिंपिक विजेती धावपटू शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइसची उंची १५२ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूटच. जमैकाच्या किंग्स्टन शहरातल्या वॉटरहाउस या गरीब वस्तीत ती वाढली. आई रस्त्यावर माल विकून घर चालवायची. २००७ च्या ओसाकाच्या जागतिक स्पर्धेत ती रिले संघात राखीव होती. पुढच्या वर्षी ऑलिंपिकच्या निवड चाचणीत दुसरी आली, तेव्हा देशात ओरड झाली की हिला थांबवा आणि चौथ्या आलेल्या व्हेरॉनिका कॅम्पबेल-ब्राउनला पाठवा, कारण तेव्हाची जगज्जेती ती होती. बीजिंगला शेलीच गेली आणि २१ व्या वर्षी १०.७८ सेकंदांत जिंकली. तिच्यामागून दोघी एकदमच आल्या, १०.९८ ला. १०० मीटरमध्ये एवढा फरक म्हणजे मोकळी जागा दिसते मध्ये.

उंची कमी असल्याचा तोटा आहे, तो नाकारत नाही. उसेन बोल्ट ही शर्यत ४१ पावलांत संपवायचा, शेलीला पन्नासच्या आसपास लागायची. पाऊल लहान, म्हणून ते भराभर पडावं लागतं, आणि सुटतानाच पुढे निघावं लागतं. ब्लॉकमधून, म्हणजे सुरुवातीला पाय टेकवायच्या ठोकळ्यांवरून, सुटल्यावर पहिल्या तीस मीटरांत तिच्याइतकी तरबेज धावपटू मी पाहिलेली नाही. मान खाली, अंग पुढे झुकलेलं, प्रत्येक पावलाने जमीन मागे रेटत हळूहळू सरळ होत जायचं. २०१४ मध्ये सोपोटला ६० मीटरचं जागतिक इनडोअर विजेतेपदही तिने ६.९८ सेकंदांत घेतलं, ते याच जोरावर. मुलीचा सराव बघायला गेलात तर एवढंच बघा: सुटल्यावर तिसऱ्या-चौथ्या पावलालाच ती मान वर करून समोर बघते का? बघत असेल तर वेळ तिथे जातोय. उंची वाढवता येत नाही, ही सवय मात्र एका सीझनमध्ये सुधारते.

आणि दर रविवारी सिंहगड चढवण्याचा आग्रह कुणी धरत असेल तर नाही म्हणा. दम वाढतो, पण स्प्रिंटरला हवा असतो झटका, आणि थकलेल्या पायांना तो शिकवता येत नाही. हनुमान टेकडीवरचा एखादा छोटा चढ पूर्ण जोरात, मध्ये भरपूर विश्रांती घेऊन, हे जास्त उपयोगाचं.

आता बावीस-तेविसाव्या वर्षी संपण्याबद्दल. लंडनला २०१२ मध्ये शेलीने पुन्हा सुवर्ण घेतलं, १०.७५. २०१३ च्या उन्हाळ्यात, ज्या वर्षी आपल्या बालेवाडीत आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली, त्या वर्षी मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत तिने १००, २०० आणि रिले तिन्ही जिंकल्या. १०० मीटरची वेळ १०.७१. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला पायाच्या अंगठ्याने दगा दिला, कांस्य मिळालं. ऑगस्ट २०१७ मध्ये मुलगा झाला, तोही सिझेरियनने. २०१९ मध्ये दोहाला ती पुन्हा जगज्जेती झाली आणि वेळ होती १०.७१. मॉस्कोचीच वेळ, सहा वर्षांनी, दुखापत आणि बाळंतपण झाल्यावर. मुलींना मी हे आकडे फळ्यावर लिहून दाखवते. तिची सर्वोत्तम वेळ त्याहून पुढची आहे: १०.६०, २०२१, लोझान, वय ३४. २०२२ मध्ये १०० मीटरचं पाचवं जागतिक विजेतेपद, वय ३५. शेवटची जागतिक स्पर्धा टोकियोत, २०२५ मध्ये, तिथेही रिलेचं रौप्य. आपल्याकडे पी. टी. उषा यांनीही मुलगा झाल्यानंतर परत येऊन १९९८ मध्ये फुकुओकाच्या आशियाई स्पर्धेत रिलेचं सुवर्ण मिळवलं.

जमैकाशी तुलना मात्र घरात करू नका. तिथे शाळांच्या स्पर्धेला स्टेडियम भरतं. आपला महिलांचा राष्ट्रीय विक्रम द्युती चंदचा, ११.१७, २०२१ चा. तुमच्या मुलीपुढचा टप्पा जिल्हा, मग राज्य, एवढाच ठेवा.

एक गोष्ट घरच्यांनीच सांभाळायची असते. २०१० मध्ये शेलीवर सहा महिन्यांची बंदी आली. दाढदुखीसाठी घेतलेल्या गोळीत ऑक्सिकोडोन होतं. ते वेग वाढवणारं औषध नाही, वेदनाशामक आहे, तरी नियम तो नियम. सर्दी-खोकल्याची गोळी केमिस्टकडून उचलून तिला देऊ नका, डॉक्टरांना ती खेळाडू आहे हे आधी सांगा. जिममधल्या कुणीतरी दिलेले पावडरचे डबे तर घरात आणूच नका. सोळाव्या वर्षी त्यांची काही गरज नाही, पोळी, उसळ, अंडी, दूध पुरतं.

बारावीचं म्हणाल, तर शेलीने लंडनचं सुवर्ण मिळवलं त्याच वर्षी बालविकास या विषयाची पदवीही घेतली. स्प्रिंटचा सराव दिवसाला दोन तासांच्या आत बसतो, क्लासच्या वेळा जुळवता येतात. परीक्षेच्या महिन्यात आठवड्याला तीन दिवस सराव ठेवा, पूर्ण बंद करू नका. बंद केला की परत सुरू करताना मांडीमागचा स्नायू ओढला जातो, हे मी फार मुलींच्या बाबतीत पाहिलंय.

तिची वेळ तुम्ही लिहिलेली नाही. ती लिहा, आणि हातातल्या स्टॉपवॉचवर घेतली की इलेक्ट्रॉनिक, तेही सांगा. हातातली असेल तर त्यात ०.२४ सेकंद मिळवून धरावं लागतं. मग कोणत्या स्पर्धांना उतरवायचं ते सांगते.