१०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, तरी फाईल १२ च्याच स्पीडने का उतरते?

खानापुरात तुमच्या घरी फायबर आहे आणि ब्राउझर सेकंदाला १२ एमबी दाखवतो म्हणता, तर स्पीड पुरेपूर मिळतोय. प्लॅन मेगाबिटमध्ये (एमबीपीएस) विकतात, ब्राउझर मेगाबाइट (एमबी) मोजतो. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून १०० भागिले ८, साडेबारा. जाहिरातीत मोठा आकडा बराही दिसतो.

वायफायवर स्पीडटेस्टमध्येच २५-३० एमबीपीएस येत असेल तर मात्र लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा, बाकीचे मोबाइल-टीव्ही बंद करा आणि पुन्हा मोजा. केबलवर ९० च्या वर आलं की लाइन ठीक, घोळ वायफायचा. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या जाड भिंतींपुढे वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा बँड लवकर दमतो, २.४ चा लांब पोचतो, पण हळू. राउटर कपाटातून काढून माजघरात उंचावर ठेवा.

स्पीडटेस्ट ज्या सर्व्हरशी मोजते तो बदलूनही बघा, पुणे, बेंगळुरू. आपल्याच इंटरनेट कंपनीचा सर्व्हर निवडला की आकडा बहुधा गोडच येतो! रात्री ९ ला आणि पहाटे, दोन्ही वेळा मोजा. केबलवरही स्पीड फक्त रात्रीच पडत असेल तर स्क्रीनशॉट जोडून कंपनीकडे तक्रार टाका. व्हिडिओ कॉल अडखळत असेल तर अपलोड आणि पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ) बघा.