घर सोडून आलेल्या मुलीला रात्री कुठे ठेवायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. भाचीची दहावीतली मैत्रीण संगमनेरकडच्या गावातून संध्याकाळच्या एसटीनं नाशिकला तुमच्या दारात आली आहे. घरच्यांनी तिचं लग्न ठरवलंय, परत पाठवलं तर मार बसेल, आणि पोलिसांना कळवलं तर ‘रिमांड होममध्ये टाकतील’ अशी तुम्हाला भीती वाटतेय. म्हणून दोन-चार दिवस कुणाला न सांगता तिला घरातच ठेवून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी आधी रेल्वेच्या फलाटांवर आणि नंतर बरीच वर्षं मुलींच्या बालगृहात काम केलंय, त्या अनुभवावरून सांगते.

आज रात्रीच 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. मुलीला लपवू नका आणि वडिलांना बोलावून त्यांच्या हवालीही करू नका. या दोन्ही गोष्टी चांगल्या मनानंच होतात, आणि दोन्हींत पोरीचं नुकसान होतं.

लपवलं तर काय होतं ते आधी. ती स्वतःच्या पायांनी आली असली तरी वडील पहिली तक्रार अपहरणाचीच देतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 137 मध्ये अठरा वर्षांखालचं मूल पालकांच्या परवानगीशिवाय नेणं हा गुन्हा आहे. मग पोलीस तुमच्या दारात येतात, पोरगी घाबरून जबाब फिरवते आणि त्याच रात्री गावाकडे परत जाते. शिवाय बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे पालकांपासून दुरावलेलं मूल ज्याच्याकडे येतं त्यानं 24 तासांच्या आत 1098, पोलीस, बाल कल्याण समिती (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुणाला तरी कळवायचं असतं. तुमचा फोन गेला की त्याची नोंद राहते, आणि तीच उद्या तुमचाही बचाव करते.

आता रिमांड होमचं. ही भीती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पोरांना घातली गेलीय. ज्याला लोक रिमांड होम म्हणतात ते निरीक्षणगृह गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी असतं. काही जिल्ह्यांत निरीक्षणगृह आणि आसऱ्याची गरज असलेल्या मुलांसाठीचं बालगृह एकाच आवारात आहेत, म्हणून गल्लत होते. तुमच्याकडे आलेली मुलगी कायद्याच्या भाषेत ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ आहे. त्या व्याख्येत घरातून पळालेली मुलं येतात, आणि वय भरण्याआधी लग्न लावलं जाण्याचा धोका असलेली मुलंही येतात. तिनं काही गुन्हा केलेला नाही. तिला कोठडीत ठेवता येत नाही, आणि तिच्याशी बोलायला येणारे पोलीस साध्या कपड्यांत असायला हवेत, सोबत महिला हवी. वर्दीतलं कुणी आलं तर नम्रपणे, पण ठामपणे हे सांगा.

रात्री समितीची बैठक नसते. तरी अशा वेळी एकट्या सदस्यासमोर हजर करून तात्पुरत्या निवाऱ्याचा आदेश घेता येतो. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत समितीपुढे हजर करणं बंधनकारक आहे.

बालगृहातली पहिली रात्र कशी असते ते तिला आधीच सांगून ठेवा, कारण मुली खचतात त्या तिथेच. पिशवीतलं सगळं काढून वहीत लिहितात: कपडे, पैसे, कानातलं. मोबाइल काढून घेतात, आणि मार आठवून न रडलेली मुलगी त्या क्षणी हमसून रडते. मग आंघोळ, धुतलेला ड्रेस, केसांत उवा आहेत का ते बघणं, वरण-भात. खोलीत आणखी मुली असतात, दिवा बंद झाला तरी कुजबुज चालू असते. हे काही घर नव्हे. पण तिथं रात्री दार वाजवून कुणी तिला ओढून नेऊ शकत नाही, आणि आत्ता तिला तेवढंच हवंय.

या मुक्कामाचा खरा उपयोग वेळ मिळणं हा आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की मूल सापडलं, पत्ता कळला, आता घरी सोडा. कल्याणच्या फलाटावर एक मुलगा भेटला होता, नाव खोटं, गाव खोटं, ‘फिरायला आलो’ एवढंच म्हणायचा. निवाऱ्यात आल्यावर दोन-तीन दिवस तो नुसता जेवला, झोपला आणि कॅरम खेळला. मग खेळता खेळता मान वर न करता त्यानं घरात काका काय करतो ते सांगितलं. पहिल्याच रात्री त्याला गाडीत बसवून दिलं असतं, तर तो त्याच काकाच्या हाती गेला असता. तुमच्याकडच्या मुलीनं लग्नाचं कारण सांगितलंय. तेवढंच आहे की आणखी काही, हे कळायला वेळ द्या. तुम्ही स्वतः खोदून विचारू नका. लैंगिक अत्याचाराचं तिनं आपणहून काही सांगितलं, तर ते पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्यानं सक्तीचं आहे.

समिती सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलीच्या घरच्या परिस्थितीची पाहणी, मागवते. तो पंधरा दिवसांत यायला हवा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त रखडतो तो हाच, आणि अल्प मुक्कामाचे महिने होतात. त्यात दहावीचं वर्ष वाया जातं आणि त्याचं कुणाला फारसं वाटत नाही, याचा मला आजही राग येतो. म्हणून पहिल्याच सुनावणीला लेखी अर्ज द्या: शाळा चालू ठेवावी, पुस्तकं आणू द्यावीत, परीक्षेला बसू द्यावं.

तिला तुमच्याकडेच राहायचं असेल तर त्याला सरळ रस्ता आहे. समिती चौकशी करून एखाद्याला ‘योग्य व्यक्ती’ ठरवून मूल तात्पुरतं त्याच्याकडे देऊ शकते. तसं पत्र द्या, सोबत आधार कार्ड आणि राहत्या घराचा पुरावा. गावाकडचे लोक समितीत येऊन गोंधळ घालतील, त्याची तयारी ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना वकील मोफत मिळतो. तिचा जिल्हा वेगळा असल्यामुळे प्रकरण पुढे तिकडच्या समितीकडे जाऊ शकतं, पण तेही तिच्या हिताचं आहे हे पाहूनच. लग्नाची तारीख जवळ असेल तर फोनवर तेही स्पष्ट सांगा, कारण गावातला ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि न्यायालयाकडून मनाईचा आदेश आणता येतो. घरात धाकटी बहीण आहे का, हे नक्की विचारा. ही निसटली म्हणून त्याच मांडवात तिला उभी केल्याचं मी पाहिलंय.

ओळखीच्या कुठल्या आश्रमात किंवा ‘ताईंच्या संस्थेत’ परस्पर ठेवू नका. नोंदणी नसलेल्या संस्थेत मूल ठेवणं बेकायदा आहे, आणि तिथं काय चालतं ते बघायला कुणी जात नाही.

फोन करण्याआधी तिला समोर बसवून सांगा की मी कुणाला आणि का फोन करतेय. न सांगता केलात तर ती पहाटे निघून जाईल, आणि पुढचा मुक्काम एखाद्या स्टँडवर असेल. जन्मतारखेसाठी शाळेच्या दाखल्याचा किंवा बोनाफाइडचा फोटो भाचीकडून मिळतोय का बघा. पिशवीत दोन जोड कपडे, अंतर्वस्त्रं, पॅड, चालू औषधं आणि दहावीची पुस्तकं भरा. फोन लागला की घेणाऱ्याचं नाव आणि नोंदीचा क्रमांक लिहून घ्या, आणि उद्या समितीपुढे तिच्यासोबत तुम्हीही जा.